आळशी एन

"रोवीना, हौदामागे बघ!"

"चेलो, ती कालवड आहे, मांजर नाही! हौदामागे मावेल कशी?"

"मग गेली कुठं?"

तेच तर कुणाला कळत नव्हतं. सकाळचे साडेसहा वाजले होते. फोर्टवर्थ शहरातल्या गुरांच्या जुन्या बाजारात, फळ्यांच्या कुंपणाआडच्या चौदा नंबरच्या आवारात तीन मुलं उभी होती आणि आवार रिकामं होतं. काल संध्याकाळी रोवीनाने स्वतःच्या हाताने टाकलेलं गवत अर्धं खाल्लेलं, बादलीतलं पाणी अर्धं प्यालेलं, आणि सिंडरचा पत्ता नाही!

बारा वर्षांच्या रोवीना टॅकेटने पुन्हा एकदा चारही कोपरे पाहिले, जणू तेवढी मोठी तांबडी कालवड मघाशी नजरेतून सुटली असेल.

"पॉपॉंना सांगायचं?" तिचा नऊ वर्षांचा भाऊ टक हळूच म्हणाला. त्याच्या हातात नेहमीसारखा गोड थंड चहाचा भला मोठा पेला होता. हा मुलगा झोपेतही तो पेला सोडत नाही, असं त्याची आई म्हणायची.

"थांब जरा," रोवीना म्हणाली. "आधी शोधू."

पॉपॉंना, म्हणजे आजोबांना, हे सांगायची हिंमत तिच्यात नव्हती. कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत गवताला आग लागली. वारा असा सुटला होता की आग घोड्याच्या पुढे धावत होती. दोन दिवसांत टॅकेट घराण्याचं सगळं रान काळं पडलं. दोनशे बारा गुरं गेली. तिसऱ्या दिवशी रोवीनाला ओढ्याच्या चिखलात एक वासरू उभं दिसलं, चार महिन्यांचं, डावा कान अर्धा जळालेला, पायांवर फोड. ती सिंडर. सिंडर म्हणजे निखारा. हे नाव पॉपॉंनीच ठेवलं, आणि त्यानंतर पॉपॉ फारसे बोललेच नाहीत. जेवायचे, खुर्चीत बसायचे, काळ्या रानाकडे बघायचे.

रोवीनाने सिंडरला बाटलीने दूध पाजून जगवलं. आता ती गाभण होती. पॉपॉंच्या पणजोबांपासून घराण्याने जे गुरांचं रक्त सव्वाशे वर्षं जपलं होतं, ते आता जगात एका सिंडरमध्ये आणि तिच्या पोटातल्या वासरात उरलं होतं. वसंताच्या सुट्टीत या शहरात जुन्या जातीच्या गुरांचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरतं. "सिंडरला नेऊया ना, पॉपॉ!" असा हट्ट रोवीनानेच धरला होता. पॉपॉ महिन्याभराने पहिल्यांदा "बरं" म्हणाले होते.

आणि आता हे असं झालं होतं!

"इकडं या!" चेलो ओरडली. चेलो साराते तेरा वर्षांची, रोवीनाची सख्खी मैत्रीण. तिचे वडील टॅकेटांच्या रानावर कुंपणं उभी करायला आले ते तिथलेच झाले. "हे मधलं फाटक बघा. खिट्टी उघडी आहे!"

फाटक शेजारच्या पंधरा नंबरच्या आवारात उघडत होतं. काल तिथे तांबड्या गुरांचा एक कळप मुक्कामाला होता. आज तेही आवार रिकामं!

"चोरून नेली!" टक किंचाळला, आणि आता पॉपॉंना न सांगून चालण्यासारखं नव्हतं.

*

हॉलिस ग्रेडी हा बाजाराचा डागतपासनीस. तापल्या लोखंडाने दिलेला मालकीचा डाग कुठल्या गुरावर कुणाचा आहे ते बघायचं आणि कागदावर सही करायची हे त्याचं काम. पोट पुढे, टोपी मागे आणि तोंडात दात कोरायची काडी. त्याने उघडं फाटक पाहिलं, पॉपॉंचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि लगेच फोन लावला.

"क्रंपचा कळप होता शेजारी," फोन लागेपर्यंत तो म्हणाला. "पहाटे साडेपाचला हलवला. आता शहराच्या दक्षिणेला त्याच्या आवारात आहे. दुपारी दोनला कत्तलखान्याला निघणार. हां, डेल्बर्ट? ग्रेडी बोलतोय. अरे, तुझ्या गुरांत एक चुकलेली कालवड आहे का बघ. तांबडी. लेझी एन डागाची."

लेझी एन म्हणजे आळशी एन. या मुलखात डाग वाचायची एक वेगळीच बाराखडी असते. अक्षराला पंख काढले की ते उडतं, पाय काढले की चालतं, खाली कमान काढली की डुलतं. आणि अक्षर आडवं झोपवलं की ते आळशी! टॅकेटांचा एन सव्वाशे वर्षं आडवा झोपलेला होता.

फोनमधून डेल्बर्ट क्रंपचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "लेझी एन? छे! मी स्वतः उभा राहून एकेक डाग वाचलाय, ग्रेडी. सगळे झेड. एकूण एक झेड. माझाच डाग! मला काय डाग वाचायला शिकवतोस?"

"अर्धा कान जळालेली आहे का, विचारा ना!" रोवीना काकुळतीला आली.

"कान कोण मोजत बसलंय, पोरी! डाग झेड म्हणजे जनावर माझं!" आणि फोन बंद.

ग्रेडीने काडी तोंडाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेली. "डेल्बर्ट उद्धट आहे, पण चोर नाही. डाग वाचला म्हणतोय म्हणजे वाचला असेल. तुमची कालवड मोठ्या फाटकातून रस्त्यावर गेली असणार, मिस्टर टॅकेट. शहर मोठं आहे. शोधावं लागेल."

पॉपॉंनी टोपी घातली आणि ते चालायला लागले.

सकाळभर सगळे वणवण फिरले. विटांच्या रस्त्यावर दुकानं उघडली, बुटांची, टोप्यांची, भाजलेल्या मांसाची. साडेअकराला लांब शिंगांच्या बैलांची रोजची मिरवणूक निघाली आणि प्रवाशांनी फोन उंच धरून गर्दी केली. त्या शिंगांच्या मागे एखादी तांबडी पाठ दिसेल म्हणून रोवीना गर्दीत घुसली, कोपरांनी वाट काढत पुढे गेली. शेवटचा बैल गेला. मागे नुसतं शेण उरलं होतं.

"बाई, तुम्ही एक तांबडी कालवड पाहिली का? अर्धा कान आहे तिला." हे तिने त्या सकाळी किती जणांना विचारलं असेल! लोक हसायचे. गायींच्या गावात गाय हरवली, हा त्यांना विनोद वाटत होता.

"कत्तलखान्याच्या फाटकावर पोचली तर?" टक म्हणाला.

"गप्प बस!"

"मी फक्त..."

"गप्प बस म्हटलं ना, टक!" आणि रोवीना रस्त्याच्या कडेला बसून रडायलाच लागली. चेलो तिच्या शेजारी बसली. तिने काही समजूत घातली नाही, नुसता हात धरून ठेवला.

बाराच्या सुमाराला पॉपॉ आले. त्यांचे बूट धुळीने माखले होते. "व्हर्लीनला फोन केलाय," ते म्हणाले. "तिच्याबरोबर जा."

"नाही! पॉपॉ, मला तुमच्याबरोबर शोधायचंय!"

"जा म्हटलं ना. तुझं तोंड बघवत नाही मला."

एवढं बोलून ते पाठ फिरवून निघून गेले. रोवीनाला वाटलं, पॉपॉंनी शोधणं केव्हाच सोडलंय. ते आता नुसते चालताहेत.

*

व्हर्लीन आत्या म्हणजे पॉपॉंची धाकटी मुलगी. तिने रान सोडलं आणि शहरात येऊन गाणं शिकली. दिवसा गुराख्यांच्या संग्रहालयात काम करायची आणि संध्याकाळी ऑपेराच्या कोरसमध्ये गायची. पॉपॉ म्हणायचे, "देवानं एवढा आवाज गुरं हाकायला दिला आणि ही रेशमी झगा घालून परक्या भाषेत किंचाळते!" आत्या म्हणायची, "तिकीट काढून लोक ऐकतात, डॅडी. तुमच्या गायी तरी कुठं तिकीट काढायच्या?" पण हे आगीच्या आधीचं. आता दोघं एकमेकांना चिडवतही नव्हते.

"माझं काम दोनपर्यंत आहे," संग्रहालयाच्या दारात आत्या म्हणाली. "तोवर आत फिरा. मग माझी गाडी घेऊन आपण सगळं शहर पालथं घालू. कबूल? टक, पेला इथं ठेवायचा. आत काही प्यायचं नाही."

टकने जीव गहाण ठेवावा तसा पेला दारातल्या काउंटरवर ठेवला. तिथली चष्मेवाली बाई शहरातलीच होती. गळ्यात मोत्यांची माळ, नखं गुलाबी.

आत भिंतींवर खोगिरं होती, चित्रं होती, काचेमागे काटेरी तारांचे नमुने होते. एरवी रोवीनाने तासभर पाहिलं असतं. आज तिला काहीच दिसत नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून गेला होता, तेवढंच दिसत होतं.

"ए!" टक अचानक थांबला. "ही तर आपली डागणी!"

भिंतीवर डाग द्यायच्या लोखंडी डागण्या ओळीने टांगल्या होत्या. मधोमध लांब दांड्याची एक डागणी, टोकाला एन. खाली पाटी: 'डाग: एन. भेट: टॅकेट कुटुंब.'

"आपली इथं कशी येईल? आपली कोठारात आहे," रोवीना म्हणाली. पण दांड्याला पॉपॉंनी गुंडाळलेली तार तिने ओळखली. सिंडरला याच डागणीने डाग दिला होता, आगीनंतर, एकटीला. तो शेवटचा डाग. मग पॉपॉंनी ती इथे आणून दिली होती. कुणालाही न सांगता.

म्हणजे त्यांनी ठरवून टाकलं होतं. आता टॅकेटांची गुरं होणार नाहीत. आता ही वस्तू संग्रहालयाची.

"त्यांनी उलटी लावलीय!" टकला वेगळाच राग आला होता. "उभी टांगलीय! आपला एन झोपलेला असतो! आत्याला सांगून आडवी करायला लावूया."

"राहू दे, टक."

"राहू दे काय? चुकीचं आहे ते! उभा एन म्हणजे दुसऱ्याच कुणाचा तरी!"

"राहू दे रे! कशाला हवाय आता एन? उभा काय नि आडवा काय! गुरंच नाहीत आपल्याकडं! सिंडर पण नाही!" तिचा आवाज एवढा चढला की चित्रं बघणारी माणसं वळून बघायला लागली. रोवीना तोंडावर हात दाबून दाराकडे पळाली. टक आणि चेलो तिच्या मागे.

काउंटरपाशी चष्मेवाल्या बाईने त्यांना पाहिलं. तिने टकचा पेला उचलला आणि विचारलं, "झेड लिहिलेला पेला तुमच्यापैकी कुणाचा?"

"माझा," टक म्हणाला. "पण तो झेड नाहीये. आळशी एन आहे. मी माझ्या सगळ्या वस्तूंवर डाग काढतो."

"बाळा, मला अक्षरं येतात." बाईने पेला त्याच्या नाकासमोर धरला. काळ्या शाईत, ठळक. "हा झेड आहे."

"एन आहे! झोपलेला एन!"

"असेल. पण झोपलेला एन म्हणजे झेडच की!"

रोवीना पेल्याकडे बघत राहिली. जन्मापासून तिने तो डाग पाहिला होता, गुरांवर, फाटकावर, पॉपॉंच्या पट्ट्याच्या बकलावर. चालायच्या आधी ती तो वाचायला शिकली होती. आळशी एन. त्यात झेड आहे हे तिला कधी दिसलंच नव्हतं. पॉपॉंना नाही, बाबांना नाही, सव्वाशे वर्षांत टॅकेट घराण्यातल्या एकालाही नाही!

"अरे देवा!" चेलो कुजबुजली. "रोवीना, मी पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा विचारलं होतं, 'या झेडवाल्या गायी कुणाच्या?' आणि तुम्ही सगळे किती हसलात! आठवतंय?"

"सगळे झेड," रोवीना पुटपुटली. "तो म्हणाला ना, एकूण एक झेड... त्याने खरंच वाचले. खोटं नाही बोलला. त्याने सिंडरचा डाग वाचला आणि त्याला झेडच दिसला!"

"किती वाजले?" टक ओरडला.

एक वाजून बावीस मिनिटं.

*

ग्रेडीचा फोन लागेना. क्रंपचा नंबर कुणाकडे नव्हता. पॉपॉंकडे मोबाइलच नव्हता, खिशात घंटा घेऊन फिरायला मी काय बैल आहे, असं ते म्हणायचे. व्हर्लीन आत्याने सगळं ऐकलं, गळ्यातला बिल्ला काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "मोत्यांच्या माळेवाल्या बाई, माझं काम सांभाळा!"

आत्याला क्रंपचं आवार ठाऊक होतं, पण तिची पिकअप म्हातारी होती. चौघं पुढच्या बाकावर दाटीवाटीने बसली आणि गाडी खोकत खोकत दक्षिणेला निघाली.

"जोरात, आत्या!"

"याहून जोरात नेली तर चाकं आपल्या पुढं जातील!"

आणि मग रेल्वेचं फाटक लागलं. दांडा खाली, लाल दिवा, टणटण टणटण. मालगाडी. या शहरात मालगाडी आली की माणसं गाडीचं इंजिन बंद करून वर्तमानपत्र उघडतात.

"किती डबे आहेत?" चेलोने विचारलं.

"मोजतोय," टक म्हणाला. "एकतीस. बत्तीस. तेहेतीस."

गाडी वेगात नव्हती. एकेक डबा असा चालला होता की जणू त्याला कुणी जेवायला थांबवून घेतलंय. रोवीनाने गाडीतल्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर दहा सेकंदांनी बघितलं. एक एक्केचाळीस. एक चव्वेचाळीस. सिंडर आता ट्रकमध्ये चढत असेल. तिला फळीवर चढायची भीती वाटते, पहिल्यांदा रोवीनाला पुढे चालावं लागतं, मग ती येते. आज कुणी पुढे चाललं असेल? की नुसतं काठीने ढोसलं असेल?

"मी तिला इथं आणलं," ती म्हणाली. "मीच हट्ट केला. पॉपॉ येतच नव्हते. मी आणलं तिला!"

"एकशे चार," टक म्हणाला. त्याच्याही गालांवरून पाणी वाहत होतं, पण तो मोजत राहिला. "एकशे पाच."

एकशे अठरा डब्यांनंतर दांडा वर गेला. दोनला दहा कमी होते.

क्रंपच्या आवाराचं फाटक दिसलं तेव्हा दोन वाजून तीन मिनिटं झाली होती. आणि दुमजली मोठा गुरांचा ट्रक, बाजूला हवेसाठी गोल भोकं असलेला, फाटकातून बाहेर पडून मोठ्या रस्त्याला वळत होता!

"गेला!" चेलो किंचाळली.

आत्याने हॉर्न दाबला. हॉर्न नुसता घोगरा कण्हला. म्हाताऱ्या गाडीचा म्हातारा हॉर्न! आत्याने गाडी तिथेच उभी केली, दार उघडून बाहेर उडी मारली, दोन्ही पाय रोवले, छाती भरून घेतली आणि असा एक वरचा सूर लावला की कुंपणावरचे पक्षी उडाले.

तो सूर संपेना. चढतच गेला. फाटकावरचा माणूस कानांवर हात ठेवून खाली बसला. आवारातले सगळे घोडे वळून बघायला लागले. आणि ट्रकचे ब्रेक करकरले! आपल्या गाडीचं काही तरी भयंकर मोडलं असं वाटून ड्रायव्हर खाली उतरला.

रोवीना केव्हाच धावत सुटली होती.

"सूऽऽक!" ती ट्रकच्या कडेने पळत, प्रत्येक भोकाशी तोंड नेत गुरांना बोलवायची हाक मारत होती. "सूऽऽक, सिंडर! सूऽऽक!"

आत गुरांचे पाय खडखडत होते. शेणाचा आणि घामाचा वास येत होता. तिसऱ्या भोकातून, खालच्या मजल्यावरून, एक लांब हंबरडा आला. तो रोवीनाने हजारात ओळखला असता.

"कोण रे ही पोरं?" लाल चेहऱ्याचा, ठेंगणा डेल्बर्ट क्रंप पाय आपटत आला. त्याच्या मागे काडी चघळत हॉलिस ग्रेडी. कागदांवर सह्या करून तो नुकताच निघत होता.

"यात माझी सिंडर आहे! आता हंबरली, ऐकलं ना?"

"जनावर हंबरतंच! गाणं म्हणत नाही! त्यासाठी ती बाई आहे वाटतं!" क्रंप गुरकावला. "सगळे झेड आहेत, सकाळीच सांगितलं. एकतीस जनावरं खाली उतरवून पुन्हा चढवायला दीड तास जातो. चल रे, काढ गाडी!"

ड्रायव्हर वळला. रोवीनाला वाटलं, आता ट्रकच्या चाकापुढे आडवं पडावं. रडून काही होणार नव्हतं. आरडाओरडा करूनही काही होणार नव्हतं. हा माणूस खोटारडा नाही, तो फक्त नीट बघत नाही. मग त्याला बघायला कसं लावायचं?

आणि तिला पॉपॉ आठवले. आगीच्या आधीचे पॉपॉ, तिला मांडीवर घेऊन डाग शिकवणारे. आधी काय आहे ते वाच, मग कुठं आहे ते वाच.

तिने डोळे पुसले. आवाज होता होईल तेवढा मऊ केला. "मिस्टर क्रंप, एकच विचारू? तुमचा झेड कुठल्या अंगाला असतो?"

"डाव्या मांडीवर. कागदावर लिहिलंय. का?"

"नेहमी?"

"नेहमी! माझ्या बापापासून!"

"म्हणजे उजव्या मांडीवर झेड असलेलं एखादं जनावर..."

"माझं असूच शकत नाही!" क्रंप छाती काढून म्हणाला. "उजव्या मांडीवर झेड? अशक्य! तसलं जनावर माझ्या कळपात निघालं तर माझी टोपी खाईन!"

"ऐकलंत, मिस्टर ग्रेडी?" रोवीना गर्रकन वळली. "आमचा आळशी एन उजव्या मांडीवर असतो! आणि आळशी एन आणि झेड दिसायला एकच!"

टकने पेला वर धरला. उभा. मग हळूच आडवा केला. मग परत उभा.

ग्रेडीच्या तोंडातली काडी खाली पडली. पस्तीस वर्षं डाग वाचणारा तो माणूस त्या पेल्याकडे बघत राहिला. मग त्याने नुकत्याच सही केलेल्या कागदाकडे पाहिलं. "डेल्बर्ट," तो सावकाश म्हणाला, "काल संध्याकाळी तू मला किती जनावरं सांगितली होतीस?"

"तीस."

"आणि आत्ता काय म्हणालास?"

"एकतीस," क्रंप पुटपुटला.

"उतरव," ग्रेडी म्हणाला. "सगळी."

एकेक तांबडं जनावर फळीवरून खाली यायला लागलं. चौथं, सातवं, अकरावं. बाराव्यानंतर खोळंबा झाला. आतला माणूस ओरडत होता, एक जनावर फळीवर पायच ठेवत नव्हतं. रोवीना कुणाला न विचारता फळीवर चढली, अंधारात हात पुढे केला आणि वळून चालायला लागली. तिच्या मागे, एकेक खूर तपासत, सिंडर खाली उतरली. अर्धा कान, नाकाला खरचटलेलं, अंगभर चिखल. खाली येताच तिने रोवीनाच्या छातीवर डोकं एवढ्या जोरात घासलं की रोवीना बसलीच.

"कानाला काय, कुठल्याही जनावराचा कान तुटतो," क्रंप अजून हटायला तयार नव्हता. "डाग कुठाय? चिखलच चिखल!"

टक पुढे झाला. त्याने पेल्याकडे एकदा प्रेमाने पाहिलं आणि उरलेला सगळा गोड चहा, बर्फासकट, सिंडरच्या उजव्या मांडीवर ओतला. चेलोने आपल्या बाहीने चिखल पुसला. खाली डाग उघडा पडला, स्पष्ट. डावी मांडी आत्याने स्वतः हाताने चाचपली. तिथे काहीही नव्हतं.

हॉलिस ग्रेडीने टोपी काढली आणि मान खांद्यावर कलती केली. "आळशी एन," तो म्हणाला. "उजवी मांडी. पोरी, मी सकाळीच तिकडं जाऊन बघायला हवं होतं. फोनवर डाग वाचत नाहीत, हे मीच नव्या पोरांना शिकवतो. माझं चुकलं."

"मी... झेड बघितला," क्रंप खाली बघत म्हणाला. "डावं-उजवं नाही बघितलं." मग त्याने खरोखरच टोपी काढली आणि तिची कड दातांत धरली. पण टक सोडून कुणीही हसलं नाही, तेव्हा ती पुन्हा डोक्यावर ठेवली. "माफ कर, पोरी."

*

पॉपॉंना ग्रेडीने स्वतः गाडीतून शोधून आणलं. ते फाटकातून आत आले, सिंडरपाशी गेले, तिच्या पोटावर कान ठेवून बराच वेळ उभे राहिले. मुलांनी सगळं एकदम सांगितलं, तिघांनी मिळून, पेल्यापासून मालगाडीपर्यंत.

"झेड," पॉपॉ शेवटी म्हणाले. "आमचा एन झेड दिसतो? सत्तर वर्षं बघतोय मी त्याला!" आणि त्यांचे खांदे हलायला लागले. रोवीनाला आधी वाटलं ते रडताहेत. ते हसत होते! मग दोन्ही करायला लागले. "चेलो, पोरी, तू आल्या दिवशी बरोबर वाचलंस आणि आम्ही तुला हसलो. माझ्यापेक्षा तुझे डोळे चांगले."

मग ते आत्याकडे वळले. "ट्रक कुणी थांबवला म्हणालात?"

"मी, डॅडी."

"गाऊन?"

"गाऊन."

पॉपॉंनी घसा खाकरला. "पुढचं गाणं कधी आहे तुझं?"

"शनिवारी."

"मला तिकीट काढ," पॉपॉ म्हणाले. "पुढच्या रांगेतलं नको. कान जातील माझे."

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालयाच्या भिंतीसमोर पॉपॉ टोपी हातात घेऊन उभे होते. समोर संग्रहालयाचे प्रमुख, नाजूक चष्म्याचे, फार सभ्य.

"ही तुम्ही उभी टांगलीय," पॉपॉ म्हणाले. "आमचा एन झोपलेला असतो."

"अरेरे, माफ करा! आजच आडवी करून घेतो."

"बघा मी म्हणत होतो!" टक म्हणाला. त्याच्या हातात नवा पेला नव्हता, तो काउंटरवर होता. चष्मेवाल्या बाईने आज त्याला 'एनवाले साहेब' अशी हाक मारली होती.

"नको, टांगू नका," पॉपॉ म्हणाले. त्यांनी रोवीनाच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "भेट दिलेली वस्तू परत मागायची नसते, ठाऊक आहे मला. पण तेव्हा मला वाटलं होतं, हा एन मेला. या पोरांनी सिद्ध केलं की तो नुसता झोपला होता. सप्टेंबरात माझ्याकडे एक वासरू होणार आहे. डागणी लागेल."

प्रमुखांनी खुर्ची आणली, तिच्यावर चढून डागणी काढली आणि पॉपॉंच्या हातात दिली. पॉपॉंनी ती रोवीनाकडे दिली. लांब दांडा, जुनं लोखंड, चांगलंच वजन. रोवीनाला ती दोन्ही हातांनी धरावी लागली.

"सांभाळून," पॉपॉ म्हणाले. "डाग तूच देणार आहेस. उजव्या मांडीवर."